दगडाला आलेले रक्त

मित्रांनो, संग्रहालयाच्या शेवटच्या दालनात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक काचपेटी आहे. त्या पेटीत बोटाएवढा लांब, मधोमध वाकलेला, जुना तांब्याचा टोचा ठेवला आहे. तो मी. माझ्यासमोर फारसे कोणी थांबत नाही. पलीकडच्या पेटीत सोन्याची कडी आहेत, सगळी गर्दी तिकडे. मुले पाणी प्यायला येतात, ओले हात माझ्या काचेला पुसतात आणि जातात. माझ्याखाली एक चिठ्ठी लावली आहे. तिच्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. त्या शेवटी सांगतो, कारण त्याआधी तुम्हाला तीन खून ऐकावे लागतील.

मी जन्माने दगड आहे. मृत समुद्राच्या दक्षिणेला, कोरड्या ओढ्यांच्या मुलखात एक लालसर टेकडी आहे. तिच्या पोटात मी हिरवागार पडून होतो. टेकडीखालच्या वस्तीतल्या यारिख नावाच्या तरुणाने मला फोडून बाहेर काढले, गारगोटीच्या टोकाने भोक पाडले आणि माझ्यासारखे आणखी दहा मणी करून ती माळ गळ्यात घातली. त्याची आई तिलमत कुंभारीण होती. ती बकरीच्या चरबीने मला घासायची आणि म्हणायची, "बघ, आता कसा जवाच्या कोंबासारखा दिसतोय!" सुगीच्या नाचात लोक माझ्याकडे वळून बघायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

आमच्या लोकांत हिरवा दगड प्रत्येकाच्या छातीवर असायचा. दगड माणसाचे श्वास पितो आणि सगळे लक्षात ठेवतो, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून कोणाचा खून झाला आणि मारेकरी सापडला नाही, तर दगडाला विचारत. माणूस मेल्यावर वर्षाने त्याची हाडे गोळा करून मातीच्या पेटीत ठेवायची रीत होती. त्याच दिवशी त्याचा दगड वाडग्यात निखाऱ्यांवर ठेवत. ज्यांच्यावर संशय असेल ते बोरूच्या नळीने एकेक करून त्यावर फुंकत. ज्याच्या श्वासाला दगड तडकेल तो मारेकरी. मग पहिला धोंडा मेलेल्याच्या आईने उचलायचा, आणि मारेकऱ्याचे प्रेत उतारावर तरसांसाठी टाकून द्यायचे. त्याच्या हाडांना पेटी मिळायची नाही. यापेक्षा मोठी शिक्षा आमच्यात नव्हती.

एक गोष्ट मात्र वस्तीला माहीत नव्हती. दगडाला विचारायचा मान नाहारबाबांचा होता, आणि हा म्हातारा निखारे मुद्दाम मंद ठेवायचा. दगड नुसता काळा पडायचा, तडकायचा नाही. मग तो हात झटकून म्हणायचा, "दगड गप्प आहे. चला, घरी जा." लोक हळहळत घरी जायचे आणि एक खून तरी वाचायचा. इतका शहाणा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आता पहिला खून. त्या दिवशी वस्तीतले आठ जण टेकडीवर दगड काढायला गेले होते. यारिख एका घळीत एकटाच होता. त्याला खडकात हातभर रुंद हिरवा पट्टा सापडला. तो आनंदाने ओरडला, आणि दुर्दैवाने ते ओरडणे झिमेरने ऐकले. वस्तीत सगळ्यात जास्त बकऱ्या झिमेरच्या. दूरच्या व्यापाऱ्यांना मणी देऊन शिंपले घेणाराही तोच.

"किती आहे रे आत?" झिमेरने विचारले.

"देव जाणे. पण नातवंडांना पुरेल. खाली गेलो की सगळ्यांना सांगतो."

"सगळ्यांना कशाला? तू आणि मी, बास झालं की."

"आई घरात घेणार नाही मला, झिमेरदादा," यारिख हसला आणि पाण्याची पिशवी उचलायला वाकला.

झिमेरच्या हातात खडक फोडायचा दगडी हातोडा होता. तो यारिखच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. पहिला घाव यारिखला कळला नसावा. दुसरा कळला, कारण त्याने मला मुठीत घट्ट धरले. तिसऱ्या घावानंतर मूठ सुटली. झिमेरने त्याला पायाने घळीच्या तळाशी लोटले, पट्ट्यावर माती ओढली, हातोडा ओढ्याच्या वाळूत घासला आणि शीळ घालत परत गेला. मी सगळे पाहिले, पण दगडाला कुठून आली जीभ!

प्रेत सापडले तेव्हा संशय हदूमवर गेला. हदूम यारिखचा जिवलग मित्र. पण आदल्याच दिवशी हदूमच्या बोकडाने यारिखचे जव खाल्ले होते आणि दोघे भर वस्तीत गुद्द्यांवर आले होते. "एक दिवस तुझं डोकं फोडीन बघ!" असे हदूम रागात बोलून गेला होता. यारिखला मूठमाती देताना सगळ्यात जास्त तोच रडला. लोकांनी त्याचाही वेगळा अर्थ लावला.

तिलमतने मला वर्षभर धान्याच्या रांजणात ठेवले. रोज सकाळी ती मला बाहेर काढायची आणि विचारायची, "कोण होता रे? सांग ना." तिला एवढेच हवे होते. जेवणखाण, भट्टी, शेजारपाजार, सगळ्यावरून तिचे मन उडाले होते.

वर्ष भरले. हाडे पेटीत गेली. वस्तीच्या मधल्या अंगणात नाहारबाबा आपले मंद निखारे घेऊन बसले. तेवढ्यात तिलमत कोळशाची टोपली घेऊन आली. तिने जाड तळाचा नवा वाडगा भाजून आणला होता. शिवाय बोरू जळू नयेत म्हणून प्रत्येक नळीला मातीचे टोक बसवले होते. कोणाची नळी कोणती हे कळावे म्हणून यारिखबरोबर टेकडीवर गेलेल्या सातही जणांकडून तिने आदल्या दिवशी ओल्या मातीत अंगठा उमटवून घेतला होता.

"हे काय गं?" नाहारबाबा दचकले.

"तुमच्या निखाऱ्यांवर तर माझं दूधही तापत नाही, बाबा. आज जाळ मी करणार. आणि एकेक नाही, सातही जण एकदम फुंकतील. बघू दगड कसा गप्प राहतो ते."

म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "तिलमत, माझं ऐक. दगडाला एवढं खोदून विचारू नये."

"तुमचा पोरगा गेला असता म्हणजे कळलं असतं!" ती म्हणाली. म्हातारा गप्प बसला. त्याने तेव्हा सगळ्यांसमोर खरे सांगून टाकायला हवे होते, असे मला आजही वाटते.

आम्हा अकरा मण्यांना वाडग्यात टाकले आणि वर कोळसा रचला. सात जण गोल बसले आणि फुंकू लागले. मित्रांनो, ती आग मी कशी सांगू? आधी माझा हिरवा रंग गेला. मी काळा पडलो. पूर्वीचे सगळे दगड इथेच सुटले होते. पण तिलमत कोळसा घालतच राहिली. "फुंका रे! छातीत दम नाही का?" ती ओरडत होती. आग लालची पिवळी झाली, पिवळ्याची पांढरी झाली.

तिघे चौघे खोकून मागे सरायचे आणि पुन्हा बसायचे. हदूम एकदाही मागे सरला नाही. मित्राचा मारेकरी आज सापडणार म्हणून तो जीव खाऊन फुंकत होता. त्याच्या नाकातून रक्त ओघळले तरी त्याने नळी सोडली नाही. झिमेरचे गाल मात्र टम्म फुगलेले होते आणि नळीतून वाराच येत नव्हता. नुसते सोंग! आपला श्वास दगडाने ओळखला तर, ही भीती त्याला होती. सातांपैकी दगडावर सगळ्यात जास्त विश्वास त्या मारेकऱ्याचाच होता म्हणायचा.

जिथे वारा जास्त, तिथे आग जास्त. हदूमच्या नळीसमोर मी वितळलो. माझे दगडपण सुटले, अकरा मणी मिळून एक झालो आणि त्याच बाजूला खाली गोळा झालो. आग निवल्यावर तिलमतने वाडगा फोडला. काळ्या खपल्यांखाली मी होतो. लाल. चकचकीत, ओला वाटावा असा लाल.

एक बाई किंचाळली, "रक्त! दगडाला रक्त आलं!"

"कोणाच्या नळीखाली?" गर्दीतून आवाज आला. तो झिमेरचाच होता. "बघा, कोणाच्या नळीखाली आहे ते!"

सगळ्यांनी पाहिले. हदूमने नळी खाली ठेवली. त्याच्या ओठांची कातडी भाजून सोलली होती. "मावशी," तो म्हणाला, "मी तर सगळ्यांत जास्त फुंकलं गं. मनापासून फुंकलं."

"म्हणूनच ओळखलं तुला त्यानं," तिलमत म्हणाली आणि तिने उजव्या हाताने पहिला धोंडा उचलला.

तो हदूमच्या तोंडावर बसला. मग बाकीचे. लोकांना वर्षभराची भीती आणि वर्षभराची कुजबुज एकदम बाहेर काढायची होती. हदूम पळाला नाही. तो गुडघ्यांवर बसून "मावशी, मावशी" एवढेच म्हणत होता आणि नंतर तेही ऐकू येईनासे झाले. त्याची बायको सफीत त्याच्या अंगावर झेपावली, तर तिला केसांना धरून ओढून काढले. मी वाडग्याच्या खापऱ्यांत गरम होतो. हा दुसरा खून, मित्रांनो, माझ्या लाल रंगामुळे झाला.

तिलमतने मला आणि त्या खापऱ्या, नळ्यांची टोके, सगळे परडीत भरून घरी नेले. घरात तिने मला दगडावर ठेवले आणि दुसऱ्या दगडाने ठेचायला सुरुवात केली. "का रे वर्षभर गप्प बसलास? का?" ती रडत होती आणि मारत होती. दगड असतो तर माझा भुगा झाला असता. पण मी फुटलो नाही. मी दबलो, लांबलो, टोकाला आलो. तिचे हात थांबले. तिने माझ्या टोकाला बोट लावले आणि बोटातून रक्त आले. हे पोराचेच रक्त आहे आणि ते घट्ट झाले आहे, असे समजून तिने मला हाडाची मूठ बसवली आणि कमरेला खोचले.

तिकडे सफीत उतारावर हदूमच्या प्रेताजवळ काठी घेऊन बसली होती. पाच दिवस ती तरसांना हाकलत होती. सहाव्या दिवशी सकाळी तिने प्रेतावर काटेरी झुडपे रचली आणि ती तिलमतच्या दारात आली. तिच्या हातात एक ओबडधोबड हिरवा दगड होता.

"चालती हो," तिलमत म्हणाली.

"जाते. आधी हा भाज. आत्ता टेकडीवरून उचललाय. कुणाच्या गळ्यात नव्हता. कुणी मेलेलं नाही याचं."

"मग कशाला भाजायचा?"

"घाबरलीस? तुझा दगड खरं बोलतो ना? मग हाही बोलू दे. याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. गप्प राहिला तर मी माझ्या नवऱ्याला तरसांपुढे टाकून देईन आणि तुझ्या पायावर डोकं ठेवीन."

तिलमतने रागारागाने तो दगड दुसऱ्या वाडग्यात ठेवून भट्टीत कोळसा पेटवला. परडीतून नळ्यांची दोन टोके काढली. सफीतने त्यातले हदूमच्या अंगठ्याचे टोक उचलले आणि नवा बोरू बसवून फुंकू लागली. दुपार टळेपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता फुंकत होत्या. मी तिलमतच्या कमरेला होतो. तिच्या छातीचा भाता कसा चालला होता ते मला जाणवत होते.

वाडगा फोडला. काळ्या खपलीखाली वाटाण्याएवढा लाल थेंब होता.

तिलमतने मला कमरेतून काढून त्या थेंबाशेजारी ठेवले. एकच रंग, एकच चकाकी. "कुणाचं नाही हे रक्त," ती पुटपुटली. "हे रक्तच नाही. दगडच असा आहे." मग तिचा आवाज फुटला. "सफीत, मी काय केलं गं? पोरासारखा होता तो मला!"

सफीत रडली नाही. "ते मागाहून," ती म्हणाली. "मग यारिखला मारलं कुणी?"

तिलमत कुंभारीण होती, मित्रांनो. माती तिच्याशी खोटे बोलू शकत नव्हती. समोर हदूमच्या नळीचे टोक पडले होते, वाऱ्याने आणि आगीने वितळून काचेसारखे चकाकणारे. ती एकदम उठली आणि बाकीची टोके परडीतून काढून तिने रांगेत मांडली. सहांची तोंडे कमीजास्त वितळलेली. सातव्याचे तोंड मात्र राखेने गच्च बुजलेले होते. त्यातून एकदाही वारा गेला नव्हता. तिने ते उलटे केले. मातीतल्या अंगठ्यावर मधोमध खोल चीर होती. असा चिरलेला अंगठा वस्तीत एकाचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती बकऱ्यांना पाणी पाजायला विहिरीवर जमली होती. तिलमतने ते टोक झिमेरसमोर धरले.

"फुंक यातून."

"बुजलंय की हे," झिमेर हसला. "वेड लागलं का तुला?"

"तुझंच आहे. त्या दिवशीच बुजलं. सगळे मरमर फुंकत होते तेव्हा तू काय करत होतास? कशाला घाबरलास?"

"म्हातारी बरळतेय."

"बरळत नाही ती," सफीत पुढे आली. "काल मी टेकडीवर हिरवा दगड शोधत होते. घळीत कुणीतरी कुंपण घातलंय, आणि आत हातभर रुंद पट्टा आहे. कुंपण तुझ्या बकऱ्यांच्या दाव्यांनी बांधलंय, झिमेर. यारिख पडला होता तीच घळ."

लोक वळून झिमेरकडे बघू लागले. नाहारबाबा काठी टेकत उठले. झिमेरचा चेहरा बदलला. "मग काय करायचं होतं?" तो ओरडला. "सगळ्यांना वाटत सुटणार होता तो! टेकडी काय त्याच्या बापाची होती?" आणि बोललेले लक्षात येताच त्याने कमरेची दगडी गदा उपसली आणि सफीतच्या डोक्यावर घातली. ती वाकली म्हणून वाचली, पण तिचा डावा खांदा काडकन मोडला. त्याने गदा पुन्हा उचलली. ती खाली यायच्या आत तिलमतने मला त्याच्या गळ्यात खुपसले.

मी आत गेलो, हाडाला अडलो आणि वाकलो. गरम रक्त माझ्यावरून वाहिले. ज्या रंगासाठी हदूम मेला होता, त्या रंगाचे खरे रक्त मी तेव्हा पाहिले. ते माझ्यासारखे मुळीच नव्हते. झिमेर विहिरीच्या काठावर पडला, टाचा घासत राहिला आणि संपला. हा तिसरा खून, आणि घडवल्यानंतरचे माझे पहिले काम.

तिलमतने मला ओढून काढून सफीतच्या पायाशी ठेवले. मग गुडघे टेकून उजवा हात विहिरीच्या दगडावर पसरला.

"हाच हात पहिल्यांदा उठला होता," ती म्हणाली.

"तिलमत, नको," नाहारबाबा म्हणाले. "चूक माझी. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

सफीतने कोणाकडे पाहिले नाही. तिने चांगल्या हाताने झिमेरची गदा उचलली आणि त्या पसरलेल्या हातावर घातली. बोटे चिरडल्याचा आवाज सगळ्या वस्तीने ऐकला. तिलमत ओरडली नाही.

"आता त्याची पेटी कर," सफीत म्हणाली. "तुझ्याच हातची पाहिजे मला." आणि तिथेच बसून ती पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली.

वर्षभराने हदूमची हाडे गोळा झाली. पेटी तिलमतने डाव्या हाताने घडवली. तीन वेळा ती तडकली, चौथ्यांदा टिकली. एक भिंत आत झुकलेली, झाकण तिरके, आणि कडेला बोटांचे वेडेवाकडे ठसे. सफीतने ती दोन्ही बाजूंनी निरखून पाहिली आणि मान हलवली. हाडांवर तिने मला ठेवले. वस्तीतले लोक तोवर दगडातून लाल धातू काढायला शिकले होते. कोणी त्याचे टोचे केले, कोणी कुऱ्हाडी. झिमेरच्या मुलांनी गदा केल्या. माझ्या त्या भावंडांनी पुढे काय काय केले, ते तुम्ही इतिहासात शिकताच. मी मात्र गुहेच्या अंधारात हदूमजवळ राहिलो, हजारो वर्षे, पुन्हा हळूहळू हिरवा होत.

आता ती चिठ्ठी. माझ्याबद्दल तिच्यात लिहिले आहे, 'मातीच्या वजनाने वाकलेला टोचा.' आणि माझ्याशेजारी ठेवलेल्या हदूमच्या मातीच्या पेटीबद्दल लिहिले आहे, 'शिकाऊ, अननुभवी हाताचे काम.' लिहिणारी माणसे विद्वान आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी आम्हाला पाहिले आणि जे दिसले त्यावरून ठरवून टाकले. वस्तीनेही तेच केले होते.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण कधी कोणाकडे बोट दाखवून सगळे ओरडू लागले, पुरावा लालभडक समोर दिसू लागला आणि तुमचाही हात धोंड्याकडे गेला, तर तेवढ्यात टेकडीवर जा आणि कोणाच्याही गळ्यात नसलेला एक दगड उचलून आणा. आधी तो भाजून बघा. हदूमसाठी हे कोणी वेळेवर केले नाही. एक दुपार पुरली असती.